सल्लागारबाईंचे कॉक्स बाजारमधले आठ दिवस

पहिला दिवस, सोमवार १२ जून २०२३

निघायला नेमका आजचाच दिवस मिळाला. दोन्ही पालख्या आज पुण्यात, अर्धे रस्ते बंद, रिक्षावाला म्हणाला मॅडम आज विमानतळ काय आणि पंढरपूर काय, दोन्ही सारखंच लांब. तरी पोचले एकदाची. अरबी समुद्रात बिपरजॉय घोंगावत होतं म्हणून सगळ्यांची धाकधूक चाललेली. गंमत म्हणजे बिपरजॉय हे नाव बांगलादेशनेच सुचवलेलं, अर्थ संकट. मी त्यांच्याकडे निघाले आणि त्यांचं संकट आपल्या किनाऱ्यावर, अशी अदलाबदल.

कोलकात्याला विमान बदलायचं होतं तेव्हा आईचा फोन. ती औशाकडची, अजून अस्सल लातुरी बोलते. "तू तिकडं नेमकं काय करायलीस गं? डॉक्टर न्हाईस, इंजिनेर न्हाईस." दर ट्रिपला हाच प्रश्न असतो आणि दर वेळी माझं उत्तर पडतं. माझं पद आहे स्ट्रॅटेजिक अ‍ॅडव्हायझर, एका मदतसंस्थेत (नाव घेत नाही, पुढे कळेल का ते). माझ्या हाताखाली एकही माणूस नाही. बजेट माझं नाही, चेकवर माझी सही चालत नाही. कंट्री डायरेक्टरला सांगायचं की पुढची तीन वर्षं कुठल्या बाजूला जा, कशात पडू नका, कुठलं काम दुसऱ्याकडे द्या, आणि त्याने ऐकलं तर ऐकलं. आईला म्हटलं, "गावात सरपंच असतो, ग्रामसेवक असतो, आणि पारावर बसून 'आरं असं करू नका' म्हणणारा एक म्हातारा असतो बघ, तो म्हातारा मी." ती म्हणाली, "त्याचं कोण ऐकतंय?" मग बोर्डिंग सुरू झालं.

ढाक्यात घड्याळ अर्धा तास पुढे. उकाडा असा की शर्ट पिळून वाळत घालावा, त्यात लोडशेडिंग, कारण गेल्या आठवड्यात पायराचं मोठं वीजकेंद्र कोळसा नाही म्हणून बंद पडलंय. संध्याकाळी ऑफिसात जनरेटरच्या घरघरीत माझं टीओआर हातात पडलं, म्हणजे काय काम करायचं त्याचा कागद. शीर्षक: तीन वर्षांची स्ट्रॅटेजी आणि प्रायॉरिटायझेशन. या क्षेत्रात पंधरा वर्षं काढल्यावर एक कळतं, प्रायॉरिटायझेशन हा शब्द आला की समजायचं काहीतरी बंद करायचंय आणि ते कुणाला तरी तोंडाने बोलायला लावायचंय.

कंट्री डायरेक्टर भला माणूस आहे, चहा स्वतः ओततो. म्हणाला पुढच्या वर्षी पैसे साधारण एक तृतीयांशाने कमी. कॉक्स बाजारजवळ म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत आमची चार कामं आहेत. बायकांची दोन केंद्रं, संडासांचा मैला उपसणं आणि दुरुस्ती, रस्ते-पायऱ्या आणि सोलर दिवे, आणि पाण्याच्या टाक्यांना सेन्सर बसवून सगळं स्क्रीनवर दाखवणारा एक पायलट, म्हणजे प्रयोगापुरता प्रकल्प. "फ्रेश आइज हवेत," म्हणाला. डोळे फ्रेश कसले, विमानात झोपच लागली नव्हती.

दुसरा दिवस, मंगळवार

ढाका ते कॉक्स बाजार विमानाने तासभर. विमानात अर्धे हनिमूनवाले आणि अर्धे आमच्यासारखे गळ्यात आयकार्ड लटकवलेले. हे गाव मला कधीच पचत नाही. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब वाळूचा किनारा, हॉटेलांची रांग, घोड्यावर बसून फोटो काढणारी पोरं, आणि गाडीने दीडेक तासावर जगातली सगळ्यात मोठी निर्वासित छावणी. शिंपल्याच्या आकाराचं नवीन रेल्वे स्टेशनही बांधून होत आलंय, रेल्वे अजून यायचीय.

दुपारभर मीटिंगा. इथली भाषा बंगाली नाही, इंग्रजीही नाही, इथली भाषा आद्याक्षरं. आयएससीजी म्हणजे सगळ्या संस्थांचा समन्वय करणारा गट. आरआरआरसी म्हणजे सरकारचा निर्वासित आयुक्त. सीआयसी म्हणजे एकेका कॅम्पचा सरकारी अधिकारी, आपल्याकडचा तहसीलदार समजा. जेआरपी म्हणजे सगळ्यांनी मिळून जगाकडे पैसे मागायचा वार्षिक आराखडा, यंदाचा ८७६ मिलियन डॉलरचा, आणि अर्धं वर्ष सरत आलं तरी जेमतेम पाव भाग जमा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरकारी कागदावर इथे 'निर्वासित' नाहीतच, आहेत ते एफडीएमएन, जबरदस्तीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक. ज्या म्यानमारने यांना नागरिक मानायचं नाकारलं त्याच म्यानमारचे नागरिक.

आता माझी अडचण बघा. मला तीन वर्षांची स्ट्रॅटेजी लिहायचीय. पण जेआरपी एका वर्षाचा. परदेशी पैशाचा प्रकल्प मंजूर करून घ्यायचा तो एफडी-सेव्हन नावाच्या फॉर्मवर, तोही फार तर वर्षाचा. पक्क्या विटा लावायला परवानगी नाही, घर बांबू आणि ताडपत्रीचंच, कारण हे लोक परत जाणार आहेत अशी अधिकृत भूमिका आहे. २५ ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांवर माणसं आली, आधीची धरून आज नऊ लाखांच्या वर आहेत, कुतुपालोंगचा जुना कॅम्प तर १९९१-९२ पासूनचा. तीस वर्षं झालेली तात्पुरती गोष्ट. 'दीर्घकालीन' हा शब्द लिहिला की मसुदा परत येतो, म्हणून आम्ही 'सस्टेन्ड' लिहितो. माझ्या कामाचा अर्धा भाग म्हणजे असे शब्द शोधणं, हसू नका.

रात्री हॉटेलात बसून चार कामांच्या तक्त्यात रंग भरले. पिवळा म्हणजे कमी करता येईल. दिव्यांच्या आणि पायऱ्यांच्या ओळीला पिवळा लावला. मेंटेनन्स, त्यात आउटकम दिसत नाही, असं बाजूला टिपण. जेवायला पापलेट होतं, इथे त्याला रूपचांदा म्हणतात. लातूरच्या माणसाला मासा म्हणजे काट्यांशी भांडण, पण हा बरा.

तिसरा दिवस, बुधवार

सकाळी सातला निघालो. ड्रायव्हरभाईने माझे स्पोर्ट्स शूज बघितले आणि काही न बोलता कोर्ट बाजारला गाडी थांबवली. तिथे ४५० टाका (इथलं चलन) देऊन काळे गमबूट घेतले, पावती पण घेतली (हे लक्षात ठेवा). मग उखिया, पोलीस चेकपोस्ट, पास दाखवा, पुढे कुतुपालोंग. चारच्या आत बाहेर पडायचं हा नियम.

कॅम्प म्हणजे सपाट मैदानावर तंबू असं कुणाच्या डोळ्यापुढे येत असेल तर ते पुसून टाका. टेकड्या आहेत, मातीच्या, भुसभुशीत, आणि त्यांच्या अंगावर घरं चिकटवलेली. २०१७ ला इथलं जंगल सरपणासाठी मुळासकट उपटलं गेलं होतं, पुढच्या वर्षीपासून गॅस सिलिंडर द्यायला लागले आणि आता उतार परत हिरवे दिसतात. माती धरून ठेवायला वाळा लावलाय, आपण माठात टाकतो तोच, इथे त्याच्या मुळ्या घरांना टेकू देतायत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वेड्यासारखी उपटून वास घेतला होता, प्रोग्राम मॅनेजर आपा अजून त्यावरून चिडवतात.

नळावर थांबलो. पाणी ठरलेल्या वेळी येतं, सोलरवरच्या पंपाने वर टाकीत आणि तिथून क्लोरीन मारून खाली. नळासमोर कळशांची रांग, माणसं नाहीत, नुसत्या कळशा नंबर धरून. बंगालीतही कळशीला कोलशीच म्हणतात. मला एकदम लातूर आठवलं, २०१६ चा उन्हाळा, मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची, टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती आणि आमच्या मावशीची घागर रांगेत, मावशी घरी. रोहिंग्या भाषेत पाणी म्हणजे फानी. ढाक्याहून आलेल्या पोरांना ही भाषा धड कळत नाही, चितगावकडच्यांना बऱ्यापैकी कळते, आणि मला हिंदीच्या जोरावर दहातला एखादा शब्द.

आमच्याकडे स्फिअर नावाचं पुस्तक असतं, मदतकार्याची किमान मापं त्यात असतात. माणशी रोज १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, डोक्यावर छप्पर माणशी साडेतीन चौरस मीटर. कॅम्पची एकूण जागा माणशी ४५ चौरस मीटर हवी, इथे बऱ्याच भागात ती १० च्या आसपास. हे सगळं पाठ असतं आम्हाला, शाळेत पाढे पाठ असावेत तसं. पाढे पाठ असल्याने बाजार करता येतोच असं नाही.

नळापासून वर चढत होतो तर एका खालाने, म्हणजे मावशीने, हाताला धरून थांबवलं. सोबतची व्हॉलंटियर मुलगी दुभाषी. खाला म्हणाल्या तुम्ही दिवसा येता, दिवसा सगळं दिसतं. मग त्यांनी दाखवलं. घरापासून संडास साधारण चाळीस पावलं, मध्ये मातीच्या पोत्यांच्या आणि बांबूच्या पायऱ्या. तिसरी पायरी गेलेली. नुसता खड्डा नाही, बांबूची फोडलेली टोकं वर आलेली, खालांनी वाकून त्यावर आपला पंजा उभा धरून दाखवला, एवढं वर. शेजारी सोलर दिव्याचा खांब, वर दिवा आहे, बॅटरीची पेटी उघडी आणि आत मुंग्यांचं वारूळ. किती महिने बंद? त्यांनी मोजलं नव्हतं, रमजानच्या आधीपासून एवढंच. आणि मग अगदी सहज, भाजी कशी करते ते सांगावं तशा म्हणाल्या, असरच्या (दुपार कलतानाच्या) नमाजनंतर मी पाणी पीत नाही, सुनेलाही पिऊ देत नाही, ती पोटुशी आहे.

मुलीने हे भाषांतर करताना मान खाली घातली. मी वहीत लिहिलं, पण लिहिताना मला माझा पिवळा रंग दिसत होता. खाली नळाला माणशी १५ लिटर येतंय, स्क्रीनवर सेन्सर हिरवा दाखवेल, आणि वरच्या घरातली पोटुशी पोरगी संध्याकाळपासून कोरडी. हे कुठल्या रकान्यात भरू?

खालांच्या नातवाच्या बोटांच्या बेचक्यात खरूज. त्यांच्याच काय, वाटेत भेटलेल्या निम्म्या पोरांच्या. एका खोलीत सात-आठ जण झोपल्यावर दुसरं काय होणार.

चौथा दिवस, गुरुवार

आज रेशनच्या दुकानापाशी. कार्ड दाखवून तांदूळ, डाळ, तेल, कांदे, सुकी मासळी घ्यायची, पैसे कार्डात. वर्षाच्या सुरुवातीला माणशी महिना १२ डॉलर होते. मार्चपासून १० केले. १ जूनपासून ८. म्हणजे ८४० टाका, दिवसाला २८. बाजारात दोन अंडी आणि थोडी चिल्लर. ज्या माणसाला कायद्याने बाहेर नोकरी करता येत नाही त्याचं सगळं पोट या २८ टाक्यांवर. एक बाई तेलाची बाटली उचलायच्या, कार्ड बघायच्या, परत ठेवायच्या, असं तीनदा झालं, शेवटी लहान बाटली घेतली आणि सुक्या मासळीकडे न बघता निघून गेल्या.

मी अन्नाचं काम बघत नाही, आमची संस्था ते करतच नाही. पण स्ट्रॅटेजी म्हणजे शेजारच्याच्या घरात काय जळतंय ते पण बघणं. रेशन कमी झालं की पोरं कामाला लागतात, मुलींची लग्नं लवकर होतात, माणसं मलेशियाच्या होड्यांमध्ये बसतात आणि दिव्याच्या बॅटऱ्या विकल्या जातात. हो, बॅटऱ्या. खालांच्या खांबाची पेटी कुणी उघडली असेल हे आता मला वेगळं विचारावं लागलं नाही.

तिथेच एका तरुण व्हॉलंटियरने मोडक्या हिंदीत विचारलं, मॅडम आप पैसा देनेवाला? नाही. फैसला करनेवाला? नाही. मग? मी हसले. म्हटलं आईशी तुझी ओळख आहे का रे.

दुपारी आमच्या दोन बायकांच्या केंद्रांपैकी लहान केंद्रात बसलो. बांबूच्या तट्ट्यांची खोली, खाली प्लास्टिकची चटई, वर पंखा, पुरुषांना बंदी. बायका शिवत होत्या, एक कोपऱ्यात झोपली होती, नुसती झोपली होती, केंद्राचा तोच उपयोग मला सगळ्यात आवडला. पान लावून दिलं मला, सुपारी इतकी कच्ची की कान गरम झाले आणि सगळ्या जणी हसल्या. मार्चमध्ये कॅम्प ११ ला आग लागून बारा हजारांच्या आसपास माणसं उघड्यावर आली होती, त्यांतल्या दोघी-तिघी इथे होत्या. एकीने सांगितलं की २०२१ च्या मोठ्या आगीत पण घर गेलं होतं, मग नातेवाइकांकडे आले, तेही गेलं. सांगताना दोरा ओवायचं थांबली नाही.

मोठं केंद्र इथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. हे अंतर मी घड्याळ लावून मोजलं. का मोजते आहे हे सोबतच्या आपांना कळलं असणार, त्या काही बोलल्या नाहीत.

पाचवा दिवस, शुक्रवार

सुट्टी, आणि पाऊस. धो धो नाही, त्याच्या पुढचा. वाळा काय टिकेल आणि काय नाही याचा विचार करत खिडकीत बसले. गेल्या महिन्यात १४ मेला मोखा वादळ आलं तेव्हा इथे दहा नंबरचा, म्हणजे मोठ्या धोक्याचा, सिग्नल होता, सगळ्यांनी कॅम्प धुऊन जाणार असं धरलं होतं, मग ते थोडं सरकून म्यानमारमध्ये सित्तवेजवळ आदळलं. इथली माणसं वाचली आणि ज्यांना मागे ठेवून ती आली होती त्या नातेवाइकांची घरं गेली.

दिवसभर सिनॅरिओ लिहिले. अ, परत पाठवणी सुरू होते (५ मेला वीसेक रोहिंग्यांना म्यानमारमधल्या मौंगडॉला नेऊन गावं दाखवून आणली, अकराशे जणांचा पहिला गट पाठवायचं चाललंय). ब, आहे तसंच चालू. क, पैसा अजून आटतो. नियम असा की तिन्हीत जे काम लागणारच ते आधी धरायचं. अ आला तरी नऊ लाखांतले अकराशे जातील, बाकीचे उद्या सकाळी संडासला जाणारच ना. एवढं साधं आहे, पण ते 'नो-रिग्रेट इन्व्हेस्टमेंट' म्हणून लिहिलं की लोक मान डोलवतात.

लिहिता लिहिता गाव आठवत राहिलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी, विसर्जन करून सगळे झोपलेले. मी नऊ वर्षांची. आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. नंतरची दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये, आणि वही घेऊन येणारे पाहुणे. त्यांतला एक गोरापान साहेब आज्जीला विचारत होता की नवीन घर कसं हवं, दुभाष्या पुण्याचा, आज्जीची भाषा त्याला निम्मी कळेना. आज्जी म्हणाली चूल कुठं, आन् जनावरं कुठं बांधू ते आदी सांगा. साहेबाने काय लिहिलं देव जाणे. पुढे गाव नव्या जागेवर बसलं, सरळ रेषेत रस्ते, जमिनीप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं, भक्कम, भूकंपाला दाद न देणारी. आज्जीने त्या घरात ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः बाहेर पत्र्याखाली झोपली, मरेपर्यंत. पुनर्वसनातली ती घरं वाईट होती असं मी म्हणणार नाही, त्यांनी माणसं वाचतील. पण आज तो वहीवाला साहेब मी आहे आणि आज्जीच्या जागी खाला, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल. तिकडे पावसाचा टिपूस नाही. यंदा आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ ला, म्हणून गावात दोन्हीकडची मंडळी बसून ठरवतायत म्हणे.

सहावा दिवस, शनिवार

उखियातल्या एका स्थानिक संस्थेच्या प्रमुखबाईंना भेटले. त्या २०१७ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या रात्री स्वतःच्या घरचा भात घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, आमच्यासारखे तेव्हा अजून व्हिसाच्या रांगेत होतो. त्यांनी मला चहा दिला आणि मग झाडलं. २०१६ ला इस्तंबूलला तुम्ही सगळ्यांनी सही केली की पैशाचा पाव भाग स्थानिक संस्थांना थेट देऊ, २०२० पर्यंत. कुठे आहे? आम्ही तुमचे पार्टनर नाही, ठेकेदार आहोत. काम आम्ही करायचं, ओव्हरहेड तुमच्या हेड ऑफिसला, मी ऑफिसचं भाडं काय कुंकवाच्या पैशातून भरू? (कुंकू माझं, त्या वेगळं काहीतरी म्हणाल्या, पण भाव तोच.) शिवाय माझी चांगली पोरं दुप्पट पगार देऊन तुम्हीच पळवता. यावर बोलायला मला तोंड नव्हतं, आमच्या प्रोग्राम मॅनेजर आपा आधी त्यांच्याकडेच होत्या.

गावातल्या लोकांचंही वेगळं ऐकून घेतलं. मजुरी पडली, भाडी वाढली, गुरं चारायचं जंगल गेलं, ट्रकांनी रस्ता खाल्ला. प्रकल्पांचा पाव भाग तरी स्थानिकांवर खर्च करायचा असा नियम आहे आणि तो योग्यच आहे, पण बहुतेक जण शेवटच्या महिन्यात शिलाई मशीनं वाटून तो आकडा भरतात. एका घरात न उघडलेली दोन मशीनं बघितली, वर टीव्ही ठेवलेला.

येताना गाडीत मनाशी ठरलं. मैला, पायऱ्या आणि दिवे ठेवायचे आणि वर्षभरात ते या बाईंच्या संस्थेकडे द्यायचे, ओव्हरहेडसकट. सेन्सरचा पायलट बंद. आणि तेवढ्याने भागत नाही. मी तीनदा बेरीज केली, भागत नाही.

सातवा दिवस, रविवार

प्रेझेंटेशन. कंट्री डायरेक्टर ढाक्याहून ऑनलाइन, हेड ऑफिसचे दोघं युरोपातून झोपाळलेले. मी खालांची पायरी सांगितली, आकडे सांगितले, सिनॅरिओ दाखवले. सेन्सर बंद करा म्हटल्यावर शांतता. मग हेड ऑफिसमधून आवाज आला की त्या पैशावर देणगीदाराचं नाव लिहिलंय, तो दुसरीकडे वळवता येत नाही. म्हटलं मग विचारा तरी त्यांना, वळवू देतील. तर म्हणाले की खरं सांगायचं तर तो पायलट पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात आधीच घातलाय, गेल्या महिन्यात.

म्हणजे मी यायच्या आधी. म्हणजे फ्रेश आइज बोलावले तेव्हा चारातला एक रकाना आधीच शाईने भरलेला होता, मला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. मला राग आला आणि तो आवाजात उतरला, जे सल्लागाराने करायचं नसतं, कारण सल्लागाराकडे आवाज सोडून दुसरं काही नसतं आणि तो चढला की लोक माइक म्यूट करतात. आपांनी टेबलाखालून पाय दाबला.

पुढे दीड तास घासाघीस. सेन्सर अर्ध्या टाक्यांवर. दिवे, पायऱ्या आणि मैला एका वर्षासाठी पूर्ण पैशासकट राहिले, स्थानिक संस्थेकडे द्यायचं तत्त्वतः मान्य (तत्त्वतः या शब्दावर मी एक वेगळी पोस्ट लिहीन). आणि उरलेली तूट भरून काढायला बायकांच्या दोन केंद्रांतलं एक बंद. कुठलं, असं कंट्री डायरेक्टरने विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं लहान. दुसरं पंधरा-वीस मिनिटांवर आहे, चढ आहे पण रस्ता बरा आहे, आणि तिथे जागा आहे. मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहिलं गेलं, अ‍ॅडव्हायझरच्या शिफारशीनुसार. पारावरच्या म्हाताऱ्याचं कुणी ऐकत नाही म्हणे.

मीटिंग संपल्यावर आपा म्हणाल्या, डिसेंबरपर्यंत चालेल ते, मी बघते. मग म्हणाल्या, तिथे सांगायला मात्र मलाच जावं लागणार, तुम्ही तर उद्या निघालात. टोमणा नव्हता, नुसतं वेळापत्रक होतं. मी जाऊ का सोबत, असं विचारलं, पण आजचा माझा पास नव्हता.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. पोरं पतंग उडवत होती, भेळेसारखं झालमुडी मिळतं ते खाल्लं, तिखट कमी.

आठवा दिवस, सोमवार

परत ढाका, कोलकाता, पुणे. गमबूट ऑफिसच्या वॉचमनकाकांना देऊन आले, त्यांना एक नंबर मोठे होत होते, म्हणाले मोजे घालीन.

घरी पोचून खर्चाचा फॉर्म भरला. टॅक्सी, जेवण, व्हिसा फी, सगळं झटकन पास झालं. गमबुटांची पावती तेवढी परत आली, सोबत अकाउंट्सची टीप, सल्लागाराच्या टीओआरमध्ये फील्ड गिअर धरलेलं नाही, कृपया कारण द्यावे. रकान्यात पन्नास अक्षरांपेक्षा जास्त मावत नव्हती. मी लिहिलं, चिखल होता.

अजून उत्तर आलेलं नाही.